पान ८७ सापडायला हवं: दृष्टिहीन वाचकांसाठी एमपी३, डेझी की ईपब?

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयातून आलेला प्रश्न आहे. तिथले काही सभासद अकरावी-बारावीच्या दृष्टिहीन मुलांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करतात, एका धड्याची एक एमपी३ फाइल करतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवतात. एका विद्यार्थिनीने त्यांना कळवलं, की वर्गात सर ‘पान ८७ उघडा’ म्हणाले की बाकीची मुलं उघडतात आणि मी फाइल पुढे-मागे करत बसते. त्यावरून शोधाशोध केल्यावर डेझी २.०२, डेझी ३ (हवा तो मथळा किंवा पान थेट काढता येणाऱ्या बोलक्या पुस्तकांची स्वरूपं) आणि ईपब ३ (ई-पुस्तकाचं स्वरूप) ही नावं समोर आली. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: यातलं कोणतं स्वरूप घ्यावं, आजवरचं रेकॉर्डिंग वाया गेलं का, आणि फोन स्वतःच मराठी वाचून दाखवतो तर माणसाने वाचायची गरज उरली आहे का.

मी बोलकी पुस्तकं तयार करण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. मोठ्याने वाचणाऱ्यांना तयार करणं, ध्वनिसंपादन, शेवटची तपासणी, सगळं करत आले आहे. आधी थेट उत्तर देते. रेकॉर्डिंग वाया गेलेलं नाही. त्यातली अभ्यासाची पुस्तकं डेझी २.०२ मध्ये बांधून घ्या. कथा-कादंबऱ्या आहेत तशा एमपी३ मध्ये राहू द्या. आणि ज्या पुस्तकाचा युनिकोड (संगणकाला खरी देवनागरी म्हणून कळणारा) मजकूर हातात आहे, त्याचं ईपब ३ करा. आता यामागची कारणं.

त्या विद्यार्थिनीची तक्रार फार जुनी आहे. अमेरिकेत १९३४ च्या सुमारास बोलकी पुस्तकं तबकड्यांवर सुरू झाली, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला साधारण पंधरा मिनिटांचं वाचन मावायचं. पुढे कॅसेट आल्या आणि आपल्याकडेही ‘टॉकिंग बुक’ म्हणजे कॅसेट असंच समीकरण कितीतरी वर्षं राहिलं. दहा तासांचं पुस्तक म्हणजे नव्वद मिनिटांच्या सात कॅसेट. कादंबरी पहिल्या कॅसेटपासून शेवटच्या कॅसेटपर्यंत ऐकत जाता येते, त्यात अडचण नव्हती. पण कायदा शिकणाऱ्या मुलाला एक कलम पाहायचं असलं, तर ते पाचव्या कॅसेटच्या ब बाजूला कुठेतरी आहे एवढंच त्याला ठाऊक असायचं. डोळस विद्यार्थी अनुक्रमणिका बघून पान काढतो आणि दोन ओळी वाचून पुस्तक मिटतो. कॅसेटवाल्याचा तेवढ्याच कामात अर्धा तास जायचा.

स्वीडनच्या बोलक्या पुस्तकांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ही अडचण सोडवायची होती. सगळं पुस्तक एका सीडीत मावावं आणि छापील पुस्तकाइतक्याच सहजपणे हवी ती जागा सापडावी, या अपेक्षेतून तिथे डेझीचं काम सुरू झालं. १९९६ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अशा ग्रंथालयांनी मिळून डेझी कन्सोर्टियम स्थापन केला. ते स्वरूप कोणा एका कंपनीच्या मालकीचं न ठेवता सर्वांसाठी खुलं केलं, ही त्यांनी केलेली फार मोठी गोष्ट. जॉर्ज कर्शर हे स्वतः दृष्टिहीन असलेले अमेरिकी तंत्रज्ञ या कामाचा अनेक वर्षं कणा राहिले. आपल्याकडे डेझी फोरम ऑफ इंडियाच्या रूपाने देशभरातल्या संस्था एकत्र आल्या.

आता डेझीचं पुस्तक उघडून आत बघू, म्हणजे स्वरूप म्हणजे नेमकं काय ते स्पष्ट होईल. डेझी २.०२ चं पुस्तक म्हणजे एक फोल्डर. त्यात आवाजाच्या फाइल असतात, त्या तुमच्यासारख्याच साध्या एमपी३. त्यांच्या सोबत ‘एनसीसी’ नावाची एक फाइल असते. ही पुस्तकाची अनुक्रमणिका: भाग, प्रकरण, उपप्रकरण असे सहा पातळ्यांपर्यंतचे मथळे आणि प्रत्येक छापील पानाचा क्रमांक, सगळे वाचनाच्या क्रमाने मांडलेले. तिसऱ्या प्रकारच्या फाइलींना ‘स्माइल’ म्हणतात. त्यांत नुसत्या वेळा असतात. चौथ्या धड्याच्या फाइलमधला १२.४ सेकंदांपासून १७.९ सेकंदांपर्यंतचा तुकडा म्हणजे अमुक वाक्य, तिथून पुढचा तुकडा म्हणजे पुढचं वाक्य, अशी नोंद. वाचणारा जिथे श्वास घ्यायला थांबतो तिथे सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे पाडतं आणि मथळे, पानं यांच्या खुणा त्या तुकड्यांना बांधल्या जातात.

ऐकणाऱ्याच्या हातात याने काय येतं ते बघा. डेझी प्लेअरवर फोनसारखे आकडे असतात. २ आणि ८ या बटणांनी तो ठरवतो की आपल्याला प्रकरणाप्रकरणाने जायचंय, उपमथळ्यांनी, पानापानाने की वाक्यावाक्याने. ४ ने मागे, ६ ने पुढे. थेट पान हवं असलं तर ‘गो टू’ दाबून ८, ७. प्लेअर क्षणात ८७ व्या पानावरचं पहिलं वाक्य वाचायला लागतो. हव्या त्या जागी खूण ठेवता येते, आणि प्लेअर बंद करून चार दिवसांनी सुरू केला तरी तो सोडल्या जागेपासूनच सुरू होतो. मोबाइलवर ईझीरीडरसारखं ॲप हेच करतं. संगणकावर थोरियम रीडर आहे, तोही मोफत.

म्हणून एखादा गट ‘डेझी करायचंय, कोणता मायक्रोफोन घेऊ’ असं विचारतो, तेव्हा मी आधी पुस्तकच हातात घ्यायला सांगते. त्याचा सांगाडा कागदावर उतरवा. कोणता मथळा कोणाच्या पोटात येतो, पानांची मोजणी कुठून सुरू होते, प्रस्तावनेची पानं वेगळ्या क्रमाने आहेत का, तळटीपा पानाखाली आहेत की धड्याच्या शेवटी, स्वाध्याय कुठे आहेत. हे ठरल्यावर आवाज त्यात भरायचा. सांगाडा चुकला तर उत्तम आवाजात वाचलेलं पुस्तकही विद्यार्थ्याला अभ्यासाला निरुपयोगी होतं, आणि सांगाडा पक्का असेल तर साध्या आवाजातलं पुस्तक तो तीन वर्षं वापरतो.

ज्ञानेश्वरीचंच उदाहरण घ्या. अठरा अध्याय आणि नऊ हजारांवर ओव्या. एमपी३ मध्ये अठरा फाइल केल्या की झालं, असं पटकन वाटतं. पण काचबिंदूने दृष्टी गेलेल्या एका कीर्तनकार बुवांनी मला विचारलं होतं, ‘बाराव्यातल्या तेराव्या श्लोकावरच्या ओव्या काढायच्या तर कसं करू?’ त्यांना कीर्तनासाठी प्रमाण हवं होतं. त्यासाठी अध्याय ही पहिली पातळी ठेवली आणि गीतेचा प्रत्येक श्लोक दुसरी पातळी. प्रत्येक ओवी स्वतंत्र तुकडा राहील याची वाचतानाच काळजी घेतली, म्हणजे ओवीच्या आत कमी थांबायचं आणि ओवी संपली की स्पष्ट थांबायचं. आता बुवा अध्यायावर जातात, पातळी बदलून श्लोकाश्लोकाने पुढे सरकतात आणि तिथून एकेक ओवी ऐकतात. ओव्यांचे क्रमांक प्रतीप्रतीत थोडे मागेपुढे असतात, म्हणून कोणती प्रत वाचली आहे हे सुरुवातीलाच सांगून ठेवलं आहे.

पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत तर हे दहापट महत्त्वाचं. नव्याने छपाई झाली की पानं सरकू शकतात. वर्गातल्या मुलांच्या हातात २०२३ ची छपाई आणि तुम्ही वाचली २०२१ ची, तर पान ८७ पुन्हा चुकणार. पुस्तकाचं नाव, लेखक किंवा मंडळ, प्रकाशक, आवृत्ती, छपाईचं वर्ष आणि वाचणाऱ्याचं नाव पहिल्या मिनिटात बोला आणि डेझी करताना माहितीच्या रकान्यांतही भरा.

तुमच्या आजवरच्या फाइलींचं काय करायचं, त्याकडे येते. डेझी कन्सोर्टियमचं ‘ओबी’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते विंडोजवर चालतं. त्यात नवीन प्रकल्प उघडून तुमच्या एमपी३ आत घ्या. प्रत्येक फाइल एक विभाग बनते. मग विभागांना नावं द्या, पातळ्या लावा. त्यानंतर तुकडे पाडायचे. त्यासाठी सॉफ्टवेअरला ‘शांतता’ कशी असते हे दाखवावं लागतं. ज्या खोलीत वाचन झालं तिथला कोणी बोलत नसतानाचा दोन-तीन सेकंदांचा आवाज निवडून त्याला शांततेची खूण लावायची. पंखा चालू ठेवून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ही शांततासुद्धा घरघरत असते आणि वाक्यांचे शेवट कापले जातात, म्हणून पुढच्या वेळी पंखा बंद करा. मराठी गद्यासाठी थांब्याची लांबी ३०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवली की तुकडे बहुधा वाक्यावाक्याने पडतात. वाचणारा घाईने वाचत असेल तर आकडा कमी करून बघा.

यानंतरचं काम चिकाटीचं आहे: छापील पुस्तक समोर ठेवून ऐकत जायचं आणि प्रत्येक पानाच्या पहिल्या तुकड्याला पान-क्रमांकाची खूण लावायची. पान वाक्याच्या मध्ये उलटत असेल तर पुढच्या वाक्याला खूण लावा. वाचणाऱ्याने पानाचा आकडा तोंडाने उच्चारलेला नसला तरी चालतं, खूण असली की उडी बरोबर पडते. शेवटी निर्यात करताना डेझी २.०२ निवडा, तोच प्रकल्प डेझी ३ किंवा ईपब ३ म्हणूनही बाहेर काढता येतो. एक गोष्ट मुद्दाम सांगते. ओबी हे स्क्रीन रीडरबरोबर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर, चालेल असंच बनवलेलं आहे. खुणा तपासायचं आणि तुकडे जुळवायचं काम दृष्टिहीन माणसं उत्तम करतात, आणि ऐकताना काय खटकतं हे त्यांना आधी कळतं. तुमची ती विद्यार्थिनी सुटीत हे काम शिकायला तयार असेल तर तिला गटात घ्या, आणि संस्थेत मानधनाची सोय असेल तर ते तिलाही द्या.

वाचणाऱ्यांसाठी थोडं. पार्श्वसंगीत अजिबात नको. नियमित ऐकणारी मुलं दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात, त्यात संगीताचा चोथा होतो आणि शब्द बुडतात. नाट्यमय वाचनापेक्षा एकसारखा वेग आणि स्पष्ट व्यंजनं बरी. चित्र, नकाशा, आलेख आला की ‘इथे चित्र आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. त्या चित्रावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येईल इतकं वर्णन करा, आणि ते वर्णन तुमचं आहे, पुस्तकातलं नाही, हे ‘वाचकाची टीप’ म्हणून सांगा. नद्यांचा नकाशा असेल तर गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावून पूर्व-आग्नेयेकडे जाते, असं दिशांसह सांगा. रंगांचं वर्णन सूचीपुरतं पुरे. तक्ता असेल तर आधी किती रकाने, किती ओळी ते सांगा, मग रकान्यांची नावं, आणि मग प्रत्येक आकडा वाचताना रकान्याचं नाव पुन्हा घ्या. हे लांबतं, पण नुसते आकडे सलग ऐकून कोणालाही काही लक्षात राहत नाही.

गणिताबाबत फार जपा. ‘अ अधिक ब चा वर्ग’ असं वाचलंत, तर वर्ग फक्त ब चा की दोघांच्या बेरजेचा, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. ‘कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, कंसाचा वर्ग’ असं वाचलं पाहिजे. अपूर्णांकातही अंश कुठे संपतो आणि छेद कुठे सुरू होतो हे बोलून सांगावं लागतं. गणित आणि विज्ञान वाचायला शक्यतो तो विषय शिकवणारी व्यक्तीच बसवा.

आता डेझी २.०२ आणि डेझी ३ यांतला फरक. २.०२ हे २००१ चं. डेझी ३ हे २००२ मध्ये अमेरिकी मानक म्हणून आलं आणि २००५ मध्ये सुधारलं गेलं. त्यात पुस्तकाचा मजकूर अधिक बारकाईने नोंदता येतो, आणि तळटीपा, पान-क्रमांक, चौकटीतला मजकूर ऐकणाऱ्याला हवा तर वगळता येतो. तरीही नवीन ध्वनिपुस्तक करताना मी २.०२ सुचवते. कारण व्यावहारिक आहे. एडिप या अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेतून वाटलेल्या प्लेअरपासून मोबाइलच्या ॲपपर्यंत जवळपास सगळीकडे ते चालतं. डेझी ३ ची पुस्तकं कुठून मिळाली तर जरूर वाचा, स्वतः करण्यात वेळ घालवू नका, कारण त्यातली मजकुराची सगळी ताकद आता ईपब ३ मध्ये आली आहे.

ईपब ३ हे २०११ चं. बाजारातली ई-पुस्तकं ज्या स्वरूपात निघतात तेच हे. डेझीच्या लोकांनी त्यांच्या विचारातला महत्त्वाचा भाग यात घातला: मथळ्यांची उतरंड, छापील पानांची यादी, आणि मजकूर व आवाज वाक्यावाक्याने जोडणारी तीच ‘स्माइल’ची व्यवस्था. आज या मानकाचं काम डब्ल्यू३सी या वेबच्या मानक संस्थेकडे आहे आणि सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही पुस्तक वापरता येण्याच्या, अटीही वेगळ्या लिहिलेल्या आहेत. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते, की प्रकाशकाने नीट केलेलं ईपब डोळस आणि दृष्टिहीन, दोघांनाही चालतं. अंध वाचकाला सहा महिने मागून वेगळी प्रत मिळण्याची वाट पाहावी लागत नाही. अल्पदृष्टी असलेला वाचक अक्षर मोठं करतो, रंग बदलतो. डिस्लेक्सिया असलेला मुलगा वाचलं जाणारं वाक्य ठळक होताना बघत ऐकतो. आणि ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी तर मजकूर हाच एकमेव मार्ग आहे, तो ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी वाचता येतो. फक्त आवाजाचं पुस्तक करतो तेव्हा आपण त्यांना बाहेर ठेवलेलं असतं. पुस्तक निवडताना हे विसरू नका.

पण मराठीत इथेच घोडं अडतं, आणि त्याचं कारण स्वरूपात नाही, फॉन्टमध्ये आहे. आपल्याकडच्या कितीतरी पुस्तकांची अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये झालेली आहे. पडद्यावर आणि कागदावर सुंदर देवनागरी दिसते, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर बिचारा तीच वाचतो. परीक्षा सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी उमटली तर काम होण्यासारखं आहे, चित्रविचित्र चिन्हं आली तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागेल. देवनागरी उमटली तरी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागेवर आहेत का ते बघा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला र ओसीआरमध्ये (पानाच्या चित्रावरून मजकूर ओळखून घेण्यात) आणि रूपांतरात नेहमी चुकतो, आणि ऐकणाऱ्याला दरीच्या जागी समुद्र ऐकू येतो. ओसीआरसाठी गुगल ड्राइव्ह मराठीला बरंच चांगलं काम देतं. पिवळ्या पडलेल्या कागदावरची जुनी खिळ्यांची छपाई असली तर मात्र एका पानाच्या दुरुस्तीला टायपिंगपेक्षा जास्त वेळ लागतो, तिथे सरळ टाइप करणारे हात शोधा.

मजकूर शुद्ध झाला की पुढचं सोपं. वर्डमध्ये मथळ्यांना हेडिंग १, हेडिंग २ अशा शैली लावायच्या. नुसतं ठळक आणि मोठं करून चालत नाही, कारण ते फक्त डोळ्यांना दिसतं. मग डेझी कन्सोर्टियमच्याच मोफत ‘वर्डटूईपब’ने ईपब काढायचं आणि ‘एस’ या तपासणीच्या साधनाने तपासायचं. माणसाचा आवाज आणि मजकूर दोन्ही जोडायचे असतील तर ‘टोबी’ आहे, पण पहिल्या पुस्तकाला तो घाट घालू नका.

तिसरा प्रश्न यंत्राच्या आवाजाचा. गेल्या काही वर्षांत मराठी यंत्रवाचन खूप सुधारलं आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, मासिकं, संदर्भग्रंथ यांसाठी माझ्या ओळखीचे बहुतेक तरुण वाचक यंत्राचा आवाजच पसंत करतात. तो हवा तितका वेगवान करता येतो, शब्दाचं स्पेलिंग अक्षराअक्षराने ऐकता येतं, मजकुरात शोध घेता येतो. आकारही बघा: दहा तासांचं पुस्तक ६४ केबीपीएस एमपी३ मध्ये साधारण २९० एमबी होतं, त्याच पुस्तकाचा निव्वळ मजकूर दोन एमबीच्या आत बसतो. डोंगराळ भागातल्या, नेट धड नसलेल्या मुलीला यातलं काय आधी मिळेल ते उघड आहे.

यंत्र कुठे अडखळतं तेही माहीत असू द्या. च, ज, झ यांचे मराठीत दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते वेगळे दिसत नाहीत. ‘जरा थांब’मधला ज आणि ‘जरा-मरण’मधला ज माणूस संदर्भाने ओळखतो, यंत्र पुष्कळदा चुकतं. १८५७ हे साल कधी ‘अठराशे सत्तावन्न’ येतं तर कधी ‘एक हजार आठशे सत्तावन्न’. नावाच्या आद्याक्षरांमागच्या टिंबांवर ते वाक्य संपल्यासारखं थांबतं. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी संवादांचा तर अगदी लगदा होतो. म्हणून कविता, बोलीतल्या कथा, नाटकं आणि लहान मुलांची पुस्तकं माणसानेच वाचावीत असं माझं ठाम मत आहे. शब्दांचे उच्चार मूल ऐकूनच शिकतं, आणि दृष्टिहीन मुलाला दुसरा आधार नसतो. तुमच्या वाचनालयातल्या आवाजांची खरी गरज इथे आहे. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत मी असं करते: जून उजाडायच्या आत मजकुराचं साधं ईपब मुलांच्या हातात द्यायचं, आणि भाषा विषयांचं माणसाने वाचलेलं डेझी मागाहून. परीक्षा झाल्यावर आलेलं सुंदर पुस्तक कोणाच्या उपयोगाचं?

काही बारीक गोष्टी राहिल्या, त्या एकत्र सांगते. डेझीच्या फोल्डरमधल्या कोणत्याही फाइलचं नाव बदलू नका, एक नाव बदललं तरी पुस्तक तुटतं. फोल्डरचं आणि फाइलींचं नाव साध्या रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा. काही जुने प्लेअर देवनागरी नावांवर अडतात. पाठवताना पूर्ण फोल्डर झिप करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ रेकॉर्डिंग शक्य असेल तर वेव्ह स्वरूपात, मोनो ठेवा. तासाला सुमारे ३१७ एमबी लागतात, पण दुरुस्ती करायची वेळ आली की तीच उपयोगी पडते. एमपी३ पुन्हा पुन्हा एमपी३ करत गेलं की आवाज खरखरीत होतो. आणि ज्या कादंबऱ्या एमपी३ मध्येच ठेवायच्या त्यांच्या फाइलींना ०१, ०२, ०३ असे दोन अंकी क्रमांक सुरुवातीला द्या, नाहीतर बऱ्याच प्लेअरवर १ नंतर १० वाजतं. आवडीचं वाचन म्हणून ऐकणाऱ्या आजी-आजोबांना याहून जास्त काही नको असतं, त्यांच्यावर सहा पातळ्या लादू नका.

कायद्याचा मुद्दा मात्र सगळ्या गटाने नीट समजून घ्या. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ५२(१)(झेडबी) आलं. त्यानुसार छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या अपंग व्यक्तींसाठी, त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करायला परवानगी मागावी लागत नाही. अट अशी, की काम नफ्यासाठी नसावं, घ्यायचाच तर फक्त निर्मितीचा खर्च घ्यावा, आणि प्रती सर्वसाधारण बाजारात जाणार नाहीत याची काळजी संस्थेने घ्यावी. संस्था कोणती चालते तेही कलमात दिलेलं आहे, त्यात शासनमान्य ग्रंथालय येतं, म्हणजे तुमचं वाचनालय शासनमान्य असेल तर तुम्ही त्यात बसता. पण याच कारणाने ही रेकॉर्डिंग यूट्यूबवर किंवा खुल्या टेलिग्राम चॅनेलवर टाकता येत नाहीत. हेतू कितीही चांगला असला तरी तिथे ती कोणीही ऐकू शकतं, आणि मग सवलतीचं संरक्षण उरत नाही. कोणाला प्रत दिली याची साधी वही ठेवा. जगभरासाठी हीच तरतूद करणारा माराकेश करार २०१३ मध्ये झाला. तो मान्य करणारा पहिला देश भारत होता, जून २०१४ मध्ये. करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला. त्यामुळे अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मराठी दृष्टिहीन वाचकापर्यंत, तो देश करारात असेल तर, अधिकृत संस्थेमार्फत पुस्तक पोचवण्याची वाट मोकळी आहे.

वाटप कुठून करायचं? २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय यासाठीच आहे. केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांच्यासोबत ते उभं केलं. अनेक संस्थांनी तयार केलेली पुस्तकं तिथे एकत्र असतात, डेझी, ईपब, एमपी३, ब्रेल अशा स्वरूपांत. काहीही वाचायला घेण्याआधी तिथे शोधून बघा. तेच पुस्तक दुसऱ्या गावातल्या गटाने आधीच वाचलेलं असू शकतं, आणि दहा तासांच्या पुस्तकाला वाचन, दुरुस्ती, खुणा धरून पंचवीस-तीस तास सहज लागतात. मुलांना सदस्यत्व मिळण्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, त्याची तयारी शाळेतूनच करून घ्या. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड या दोन्ही ठिकाणी या कामाची जाण असलेली माणसं आहेत, अडलं तर विचारायला संकोच करू नका.

सुरुवात एकाच पुस्तकाने करा. त्या मुलीला यंदा लागणारं इतिहासाचं घ्या, ज्याच्या एमपी३ तुमच्याकडे तयार आहेत. ओबीमध्ये घालून फक्त धड्यांचे मथळे आणि पानांच्या खुणा लावा, उपमथळे नंतर बघू. पहिला धडा झाला की तेवढाच निर्यात करून तिला द्या आणि तिच्याच फोनवर किंवा प्लेअरवर दोन दिवस वापरू द्या. कुठे उडी चुकते, कुठला तुकडा अर्ध्यात तुटतो, कुठली तळटीप वाचनात घुसते, हे ती सांगेल ते लिहून घ्या. उरलेले धडे त्याप्रमाणे करा.